डब्यावरची खालची ओळ

काकासाहेबांनी कापडी पिशवीतून डबा काढला, काउंटरवर ठेवला आणि एका बोटानं हळूहळू फिरवत त्याचं तोंड माझ्याकडं केलं. गोल डब्याला तोंड नसतं. पण ज्या डब्यावर नाव टाकलेलं असतं त्याला ते असतं, आणि घरोघरी ते बहुतेक भिंतीकडं असतं. भांड्यांच्या धंद्यात आयुष्य गेल्याशिवाय हे कळत नाही. सकाळची वेळ होती. उस्मानपुऱ्यातली निम्मी शटरं अजून खालीच होती. मी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंसमोर उदबत्ती लावून नुकता खुर्चीत टेकलो होतो, आणि कन्नडकडून येणाऱ्या पहिल्या एसटीनं हा म्हातारा माणूस आला होता, धोतराचा सोगा हातात धरून दुकानाच्या पायऱ्या चढला होता. चहा सांगू का म्हणून विचारलं तर हो नाही आणि नाहीही नाही. डब्यावर दोन ओळी होत्या. वरची होती, कै. भागूबाई यांच्या स्मरणार्थ. खालची होती, कडुबा स्टील सेंटर, उस्मानपुरा, एकदा अवश्य भेट द्या. त्याखाली माझा मोबाईल नंबर. दोन्ही ओळींचं अक्षर माझंच होतं. चांगलं होतं अक्षर.

"हे खोड," काकासाहेब म्हणाले.

भागूबाई ही त्यांची बायको. वर्षश्राद्धाला गावात घरटी एक डबा वाटायचा म्हणून त्यांनी माझ्याकडून डबे नेले होते. आपल्याकडं ही रीतच आहे, माणूस जातं आणि त्याच्या नावाचं भांडं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मांडणीवर राहायला जातं. मी आधी वरचीच ओळ तपासली. वेलांटी, उकार, सगळं जागच्या जागी होतं. मग नजर खाली घसरली. वाचायला मी शिकलेलो आहे, एम. ए. केलंय, पण स्वतःच्या हातानं लिहिलेलं ते वाक्य मी त्या क्षणी पहिल्यांदा वाचलं. गेलेल्या बाईच्या नावाखाली, एकदा अवश्य भेट द्या.

"कुठलं खोडू?" मी विचारलं. ठाऊक असलेली गोष्ट विचारून घ्यायची ही माझी जुनी सवय. तेवढ्या वेळात काहीतरी सुचेल असं वाटतं. आजवर सुचलेलं नाही.

"मग काय, वरलं खोडतो का?"

मग ते बोलले ते सगळं डब्याकडं बघून बोलले. डबे खोक्यांत कागदात गुंडाळलेले होते, ते पंगत उठल्यावर उघडले. वाटताना कुणी वाचलं नाही. शाळेतली पोरं मात्र हातात येईल ते मोठ्यानं वाचतात; त्यांनी वाचलं. एका पोरानं वाचलं म्हणून दुसऱ्यानं वाचलं, आणि मांडवात दहा ठिकाणांहून भागूबाईंच्या स्मरणार्थ माझ्या दुकानाला भेट देण्याचं आमंत्रण सुटलं. हसू कुणी हसलं नाही. श्राद्धाला आलेलं माणूस हसत नाही, ते घरी जाऊन हसतं. पण भावकीतल्या एकानं हात धुता धुता विचारलं की काकासाहेब, दुकानदाराकडून कमिशन किती सुटलं? हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं, मलाही थोडा चढवता आला असता. त्यांनी एवढंच सांगितलं की घरोघरी जाऊन ही खालची ओळ काढायची, एक घर सोडायचं नाही, आणि ते होईपर्यंत प्रेरणाच्या लग्नाच्या भांड्यांचं बोलायचं नाही.

प्रेरणा ही त्यांची नात. तिच्या लग्नाची भांडी म्हणजे नुसती एका लग्नाची भांडी नव्हेत. कन्नडच्या अलीकडच्या त्या सगळ्या गावांतून लग्नं ठरली की लोक काकासाहेबांना विचारतात, भांडी कुठून घेतली, आणि काकासाहेब म्हणतात, कडुबाकडून. माझे वडील कडुबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी ते कडुबाकडूनच म्हणतात. चिकलठाण्याच्या बाजूला जालना रोडवर तो काचेचा किचन मॉल झाल्यापासून शहरातलं माझं गिऱ्हाईक तिकडं गेलं. तिथं थंड हवा आहे, सरकता जिना आहे, लहान मुलांना फुगे देतात. माझ्याकडं पंखा आहे आणि पंखा चालू केला की वरच्या टांगलेल्या पळ्या एकमेकींवर आपटतात. उरलं होतं ते कन्नडकडचं गिऱ्हाईक, आणि ते काकासाहेबांच्या एका शब्दावर टांगलेलं होतं. प्रेरणाची भांडी मॉलमधून आली की सगळ्या गावांची तिथूनच येणार, आणि पुढच्या लग्नसराईत हे शटर वर जाणार नाही. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही हा त्यांचा मोठेपणा, आणि त्या मोठेपणाचाच मला जास्त राग आला. ते गेले. डबा ठेवून गेले. डब्याचं तोंड माझ्याकडंच होतं.

खरं म्हणजे राग विश्वजीत सरांचा यायला हवा होता. पण त्यांचा राग येत नाही, हीच त्या माणसाची कला. सम्यकनं, म्हणजे माझ्या मुलानं, पुण्यातून ऑनलाईन पैसे भरून मला त्या शिबिरात बसवलं होतं: छोट्या व्यावसायिकांनी वाढावं कसं आणि स्पर्धेत टिकावं कसं. जालना रोडवरच्या हॉटेलचा हॉल, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, अभ्र्यांना मागं गाठी. माझ्या शेजारी पिठाच्या गिरणीवाला होता, पलीकडं टायर पंक्चरवाला, त्याच्या पलीकडं ब्युटी पार्लर चालवणाऱ्या दोघी बहिणी. सगळ्यांच्या चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना असतो तसा भाव. विश्वजीत सर कोटाखाली पांढरे बूट घालून आले. वय पस्तिशीच्या आत. त्यांचा स्वतःचा धंदा कुठला, असं गिरणीवाल्यानं माझ्या कानात विचारलं. हाच, मी म्हटलं. तो म्हणाला, मग चांगला वाढलाय. सर सांगत होते की ग्राहकाला नावानं ओळखा, त्याचा वाढदिवस लक्षात ठेवा, फुकट काही देत असाल तर त्याचीही वसुली बघा, मोठ्यांशी भावात भांडू नका, जे मोठ्याला जमत नाही ते करा. यातलं काही चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. हीच अडचण आहे. चुकीचा सल्ला माणूस ऐकतच नाही; बरोबर सल्लाच माणसाला खड्ड्यात घालतो, कारण तो ऐकताना आपण शहाणे झाल्यासारखं वाटतं. मग त्यांनी एकेकाला उभं करून विचारलं की तुमच्याकडं असं काय आहे जे मॉलकडं नाही. मी सांगितलं, आम्ही भांड्यावर नाव टाकून देतो. हातानं, फुकट. सर हॉलकडं वळून म्हणाले, "काका आयुष्यभर लोकांची नावं टाकत आले. स्वतःचं एकदाही टाकलं नाही. बघा, केवढी जागा वाया गेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टायरवाल्यानं पाठीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे आता सांगायला लाज वाटते, पण आलं. त्या वाक्यात मला व्यापार ऐकू आलाच नाही. न्याय ऐकू आला. वडील आठवले. पायाच्या अंगठ्यात तांब्या धरून, छिन्नीवर बारीक हातोडीनं ठोके मारत, ठिपक्याला ठिपका लावत लोकांची आडनावं कोरणारे वडील. ज्यांची आडनावं कोरली ते पाटील, देशमुख, काळे, जाधव. त्यांचं स्वतःचं नाव दुकानाच्या पाटीवर आलं ते मी पाटी लावली तेव्हा, आणि ती बघायला ते रस्त्याच्या पलीकडं गेले आणि बराच वेळ तिकडंच उभे राहिले. तर शिबिरातून आल्यावर मी प्रत्येक भांड्यावर, गिऱ्हाइकाच्या नावाखाली, कडुबा टाकायला लागलो. पत्त्यात उस्मानपुरा लिहिलं, शहराचं नाव मुद्दाम गाळलं. शहराला आता जुनं आणि नवं अशी दोन नावं, कुठलंही लिहिलं तरी निम्मं गिऱ्हाईक नाराज, आणि नवं लिहायचं तर डब्याला जागा पुरत नाही. अवश्य भेट द्या हे सम्यकनं सुचवलं. नुसतं नाव टाकून भागत नाही, पप्पा, समोरच्यानं काय करायचं ते सांगावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

बारशाच्या वाट्या गेल्या, वास्तुशांतीचे तांबे गेले, कुणी काही बोललं नाही. आणि मग काकासाहेबांचे डबे आले. नाव कोरायच्या हातमशीनच्या सुईचा घर्रर्र आवाज एकदा कानात बसला की माणूस जागा राहत नाही, झोपतही नाही. हात चालतो. डबा मांडीवर, डावा पंजा आतून, सुई वरून. भागूबाई, भागूबाई, भागूबाई. मला ती बाई दिसतही होती. मी लहान असताना दुकानात यायची, पातेल्यावर टिचकी मारून आवाज ऐकायची आणि आवाज पटला तरच घ्यायची. आवाजावरून भांडं घेणारं ते शेवटचं गिऱ्हाईक असावं. एवढं सगळं आठवत होतं, आणि हात खाली सरकून कडुबा स्टील सेंटर लिहीत होता. मनात माणूस असताना हात दुकान चालवत होता. विश्वजीत सर याला सिस्टीम म्हणतात. धंदा असा पाहिजे, ते म्हणाले होते, की तुम्ही नसलात तरी चालला पाहिजे. तो चालला.

आणि खरा वैताग पुढंच आहे. ओळ लागू पडली. काकासाहेब गेले त्याच दुपारी फोन आला, एक बाई कुकरचा भाव विचारत होती. नंबर कुठून मिळाला म्हटलं तर भागूबाईच्या डब्यावर बघितला. मग एकाला लग्नासाठी ताटं पाहिजे होती. मग एका माणसानं अदबीनं विचारलं की भागूबाईंशी बोलायचंय, त्या दुकानात कधी असतात? मी त्याला काय सांगावं? त्या आता नसतात, एवढंच म्हणालो, आणि तो म्हणाला बरं, मग तुम्हीच सांगा भाव. इतक्या वर्षांत फोनवर गिऱ्हाईक आलं नव्हतं. दिवसभर आपण चुकलो म्हणून कपाळ बडवून घ्यावं तर मध्येच फोन वाजायचा आणि चूक आपण होऊन ऑर्डर देऊन जायची. संध्याकाळी सम्यकला फोनवर सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो हा त्याचा गुण. ऐकून झाल्यावर म्हणाला, "पप्पा, भावना वेगळी आणि रिझल्ट वेगळा. रिझल्ट आलाय तर खोडताय कशाला? त्या आजोबांना एखादं भारी भांडं भेट देऊन टाका." मी म्हटलं, त्यावर नाव कुणाचं टाकू? सुलेखा, माझी बायको, शाळेत मराठी शिकवते. तिनं डबा हातात घेतला, वाचला, आणि इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मग हसू थांबलं. तिनं डबा ओट्यावर ठेवला आणि त्याचं तोंड भिंतीकडं केलं. मुलं निबंधात असं लिहितात तेव्हा मी लाल पेननं गोल करते, ती म्हणाली, पण तुझ्या डोक्यात कोण गोल करणार? मी जेवलो नाही असं लिहायला आवडलं असतं. जेवलो.

खोडायचं कसं, हा वेगळाच प्रश्न. कोरलेलं नाव खोडता येत नाही. ते घासता येतं, म्हणजे त्याच्या आजूबाजूचा सगळा पत्रा अक्षराइतका खाली आणता येतो. हातमशीनला पॉलिशचं चाक लावून मी काकासाहेबांच्या डब्यावर करून बघितलं. वरच्या ओळीला चिकटपट्टी लावून झाकलं, खालच्या ओळीवर चाक टेकवलं. पहिल्यांदा नंबर गेला. मग भेट द्या गेलं, मग उस्मानपुरा. कडुबा सगळ्यात शेवटी गेला, कारण ते नाव लिहिताना मी सुई जरा दाबूनच धरत असे. चाकाचा जळका, आंबट वास नाकात भरला. डब्यावर राहिला एक धुरकट पट्टा, आरशावर श्वास सोडल्यासारखा. पुसून जाईल असं वाटायचं, जायचा नाही. डबा उजेडात तिरपा धरला तर त्या पट्ट्यात बाप अजून अंधुक दिसत होता.

मशीन पिशवीत घालून मी गावात गेलो तेव्हा दिवस चांगला वर आला होता. काकासाहेबांनी कुणाला माझ्याबरोबर दिलं नाही. पहिल्या घराच्या ओट्यावर मी आपणहून टेकलो, खिडकीतून वायर मागून घेतली आणि डबा मागितला. आणि तिथं, ओट्याच्या त्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर बसल्यावर, वडील इथंच बसले असतील हे डोक्यात आलं. याच गावात, कदाचित याच ओट्यावर. ते सांगायचे, आणि गंमत म्हणून सांगायचे, की त्या काळात बाया नवी भांडी ओट्यापर्यंत आणून खाली ठेवायच्या आणि दोन पावलं मागं सरायच्या. ते नाव कोरायचे, भांडं परत खाली ठेवायचे. मग बाई त्यावर पाणी शिंपडायची आणि आत न्यायची. कोरायला आमचा हात चालायचा, उचलताना पाणी लागायचं, असं ते म्हणायचे आणि हसायचे. पाणी वाळायचं, अक्षर घरात जायचं. पुढं काकासाहेबांचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीची भांडी कोरायला तेच आले होते. सासूनं भांडी आणून ठेवली, नवरी उंबऱ्यात उभी. नाव कुणाचं टाकू, वडिलांनी विचारलं. म्हणजे नवऱ्याचं नाव काय. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, ही तिची अडचण. सासू पाणी आणायला आत वळली तेवढ्यात ती पटकन म्हणाली, माझं एकटीचंच टाका. वडिलांनी तेवढंच टाकलं. भागूबाई. पुढं ना नवरा, ना आडनाव. सासूला वाचता येत नव्हतं, त्यामुळं बरीच वर्षं कुणाला कळलं नाही. हे सगळं सांगताना वडील पाणी शिंपडण्यापाशी हसायचे, पण या नावापाशी हसायचे नाहीत, जरा ताठ बसायचे.

"काका, आत या की, इथं लई ऊन लागतंय," घरातली सून म्हणाली. मी आत गेलो. थेट स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीशेजारी, जिथं बटण होतं तिथं. आणि मग घरामागून घर मी लोकांच्या स्वयंपाकघरांत बसून माझ्या बापाचं नाव घासत राहिलो. बायकांना वाटायचं मी काही बिघडलेलं दुरुस्त करायला आलोय. एकीनं कुकरची शिटी आणून दिली. एकीला डब्यावरचा पट्टा पसंत पडला नाही, कोरा करकरीत डबा घाण केला म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. चार ठिकाणी मी चाक टेकवणार तोच घरच्यांनी, जरा थांबा, म्हणून आधी मोबाईल आणून नंबर उतरवून घेतला. एका घरात नवरा विचारत होता की इथं काय लिहिलं होतं, आणि बायको त्याला पाठ म्हणून दाखवत होती, एकदा अवश्य भेट द्या, आणि दोघं माझ्याकडं बघत होती, हसावं की नाही ते ठरवत. मी खोडत होतो आणि खोडता खोडता ओळ गावभर पसरत होती. विश्वजीत सरांनी दुकानदारांना सांगितलं होतं की दुकानात बसू नका, ग्राहकाच्या घरात जा. आता मी त्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात जाऊन आलो होतो. त्यांच्याकडं या प्रकाराला नक्की एखादं नाव असेल, आणि पुढच्या शिबिरात ते माझा फोटो पडद्यावर दाखवतील. चाकाच्या धुळीनं बोटं काळी झाली होती, कानात घर्रर्र बसली होती. आणि एका गोष्टीनं मी हैराण होतो: घासून गेलेल्या प्रत्येक कडुबागणिक काळजाचा एक ठोका चुकावा, निदान अशी अपेक्षा होती, पण पहिल्या काही घरांनंतर ते नाव नुसतं खरखरीत पत्रा झालं. हात परत दुकान चालवायला लागला होता.

काकासाहेबांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. ते पलंगावर बसले होते. मी कुठली कुठली घरं झाली ते सांगितलं, एक कुलूपबंद होतं, तिथं परत येईन असंही सांगितलं. माझ्याआधी त्यांना सगळं कळलेलं असणार, गावच तेवढं आहे. मी दुकानात घासलेला तो पहिला डबा पिशवीतून काढून दिला. त्यांनी तो उजेडात धरला. वरच्या ओळीवरून अंगठा फिरवला, मग खाली, धुरकट पट्ट्यावर, आणि तिथं अंगठा जरा थांबला.

"झालं," ते म्हणाले. "प्रेरणाची भांडी तुझ्याकडूनच घ्यायची. कडुबाला दिलेला शब्द हाय तो."

मी मान हलवली. शटर वाचलं होतं, पुढची लग्नसराई वाचली होती. प्रेरणा आतून आली, शिकलेली, चुणचुणीत पोर, हातात मोबाईल. अभयकाका, नमस्कार, म्हणाली. मी खिशातून पेन काढलं, नेहमीसारखं, नावं कशी टाकायची ते विचारायला. तिचं आधी की जावयाचं, आडनाव नवं की जुनं, आजकालच्या मुलींचं वेगवेगळं असतं.

"नावं तू नको टाकू," काकासाहेब म्हणाले. "कोरी दे सगळी."

"तसं नाही काका," प्रेरणा घाईनं म्हणाली. मला वाईट वाटावं असं तिच्या मनात नव्हतं. तिनं मोबाईल पुढं केला. तिकडं मॉलमध्ये लेसरवर करून देतात, आपल्याला पाहिजे ते अक्षर निवडता येतं, शेजारी दोन मोरही येतात. बाहेरून नेलेल्या भांड्यांवरही करून देतात, तिनं विचारून घेतलं होतं. अक्षर खरंच सुंदर होतं. कुठंच हात थरथरलेला नव्हता. मी म्हणालो, छान आहे. मग बरं म्हणालो. संध्याकाळी सम्यकला ऑर्डर मिळाल्याचं सांगितलं की तो काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं, आणि त्याचं चुकणार नव्हतं.

जेवून जा म्हणाले. आतल्या खोलीत पाट मांडले. तुमच्या आईची जुनी ताटं काढ, असं काकासाहेबांनी प्रेरणाच्या आईला सांगितल्याचं कानावर आलं, आणि कल्हई केलेली जड पितळी ताटं आली. एक माझ्यासमोर, एक काकासाहेबांसमोर, रेषेला रेष. भाकरी, वांग्याचा रस्सा, ठेचा. ताट जरा पुढं सरकवायला मी काठाखाली बोटं घातली, आणि बोटांना खालून ठिपके लागले. मशीनचे ठिपके इतके खोल जात नाहीत. काठाच्या बाहेरच्या अंगाला, ओळीनं. मी बोट त्यावरून डावीकडून उजवीकडं नेलं. भा असावा. पुढचा गू. रस्सा वाढलेलं ताट उलटं करता येत नाही, म्हणून बोटानंच पुढं गेलो, आणि बाई संपल्यावर पुढं नुसतं गुळगुळीत पितळ होतं.

"काय हुडकतो?" काकासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. जड ताटं आहेत."

"हायतच जड. आता कोण घासतंय ती. पोरीला नकोयत." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "समदी मोडीत घाल, आन् तिच्या भांड्यात वजा कर. किती भरत्याल?"

मोडीत आलेलं भांडं आम्ही नाव न बघता काट्यावर टाकतो; धंद्याची पद्धत आहे. मी ताटाखाली तळवा सरकवला आणि जेवणासकट ते जरासं उचललं.

"बरीच भरतील," मी म्हणालो.